जपानी वंदना

यवतमाळला मी भाड्याच्या खोलीत राहते. माझ्याबरोबर ढाणकीजवळच्या तांड्यावरची एक मुलगी राहते. ती नर्सिंग झालेली आहे आणि आता जपानी शिकते. जपानमध्ये म्हातारी माणसं फार झाली आहेत आणि त्यांना सांभाळायला हात कमी पडतात, म्हणून आमच्याकडच्या पोरी तिकडची भाषा शिकू लागल्या आहेत. आईशी फोनवर बंजाऱ्यांची गोरबोली, माझ्याशी वऱ्हाडी, दवाखान्यात हिंदी आणि आता ही चौथी. तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, रोज गाणी ऐका, पण ऐंशीच्या दशकातली ऐका, त्यांत शब्द सुटे सुटे ऐकू येतात.

एका शनिवारी दुपारी ती मेथी निवडत होती आणि मी एका मासिकासाठी लेख लिहीत होते. तिच्या फोनवर पुढचं गाणं सुरू झालं. आधी नुसता ठोका आला, मग बाईचा आवाज. मी पेन खाली ठेवलं.

"बंद कर ते."

"काहून?"

"कर म्हटलं ना."

तिने बंद केलं. ती पुन्हा मेथी निवडू लागली. मग मीच म्हणाले, "परत लाव."

"येडी झाली का वं तू?"

तिने परत लावलं. मी भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकलं. हे गाणं मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. फक्त ते गाणं आहे हे मला माहीत नव्हतं.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या वस्तीच्या टोकाला विहार आहे. माझ्या जन्माच्या आधी, विहारावर अजून टिनं होती तेव्हा, नागपूरहून एका जीपमध्ये काही जपानी पाहुणे आले होते. दोन भन्ते होते, हातात पंख्यासारखी चपटी डफडी घेऊन ते वाजवत वाजवत वंदना म्हणणारे. त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी होती. उन्हाने तिला भोवळ आली. तेव्हा माझी मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, नवी सून होती. तिने त्या मुलीला सावलीत निजवलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तिच्या तळपायांना पाणी लावलं. भाषा दोघींना एकमेकींची काही कळत नव्हती. निघताना त्या मुलीने पिशवीतून एक कॅसेट काढली, दोन्ही हातांनी मोठ्या मायच्या हातात दिली आणि कमरेत वाकली.

कॅसेटवर जपानी अक्षरं होती. ती कोणाला वाचता येणार? भन्त्यांबरोबर आलेल्या मुलीने विहारात दिली, म्हणजे ती वंदनाच असणार, असं सगळे धरून चालले. आतून ठोका ऐकू आला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. ते लोक वाजवतच वंदना म्हणतात, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या गीतांतही ढोलकी असते, बँजो असतो, कॅसिओ असतो. त्यामुळे वाद्यांवरून कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. तेव्हापासून दर पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील झालं, की विहारातल्या टेपवर 'जपानी वंदना' लागायची. साधारण मध्यावर एके ठिकाणी बाईचा आवाज एकदम खाली जायचा, पाण्यात बुडाल्यासारखा, आणि हळूहळू वर यायचा. ती तिथे माथा टेकवते, असं लोक म्हणायचे. मग आम्हीही सगळे तिथे माथा टेकवायचो. म्हातारे, पोरं, कडेवरची लेकरंसुद्धा.

हे वाचून कोणी हसणार असेल तर त्याने एक गोष्ट समजून घ्यावी. गावातल्या देवळाचा भोंगा पहाटेपासून वाजायचा. त्यावर आमच्या बाजूचं कधी काही वाजलं नाही, आणि आमच्या बाजूने काही वाजलं की लगेच कोणाची तरी झोप मोडायची. अशा गावात, समुद्रापलीकडून कोणीतरी बाई आपली वंदना म्हणते आहे, हे आमच्या लोकांना पुरेसं होतं. गावाच्या बाहेरही आपले कोणी आहेत, इतकाच त्याचा अर्थ होता.

मोठ्या मायला ती सगळी पाठ झाली. शिकलेली ती दुसरीपर्यंतच, पण कानाने पक्की. रीळ तुटून कॅसेट गेली, टेप भंगारात गेला, तरी वंदना तिच्या तोंडी राहिली. मग वस्तीत कोणी शेवटाला आलं, की घरचे तिला बोलवायला यायचे. ती उशाशी बसायची आणि हलक्या आवाजात म्हणायची. आवाज खाली जायचा ती जागाही तशीच म्हणायची, बुडवून आणि पुन्हा वर आणून.

माझ्या मायच्या उशाशीही ती बसली होती. मी तेव्हा पाचवीत होते. नागपूरच्या दवाखान्यातून माय घरी आणली होती, का आणली ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दुपार होती. मोठी माय म्हणत होती, माय ऐकत होती. मध्येच माय म्हणाली, "जाऊबाई, काय म्हणते हो ते बाई?"

मोठी माय थांबली नाही. मायच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "म्हणते, भिऊ नको. पुढं उजेड हाय म्हणते. लेकरं पाहणारे मागं हायेत म्हणते."

मायने डोळे मिटले. मोठ्या मायने पुढची ओळ धरली, आणि आवाज खाली गेला त्या जागी माय गेली. म्हणजे मला तसं आठवतं. तेव्हापासून ती जागा माझ्या कानातून गेलेली नाही. पंपाचा आवाज बंद पडताना, एसटी घाटात गिअर बदलताना, दळणाची चक्की थांबताना मला तो आवाज खाली जाताना ऐकू येतो, आणि तो परत वर येईपर्यंत माझा श्वास अडकतो.

आणि आता खोलीत, मेथीच्या जुडीशेजारी, फोनवर तीच बाई तेच म्हणत होती, पण ती कुठेच खाली गेली नाही. सरळ, स्वच्छ गात शेवटाला पोचली. आमच्या टेपमध्ये त्या जागी रीळ चुरगळली होती. बाकी काही नव्हतं.

"हे वंदना हाय का?" मी विचारलं. मला माझाच आवाज लहान वाटला.

"वंदना?" मैत्रीण हसली. "इंग्रजी गाणं हाय हे. जपानी बाईनं म्हटलं फक्त."

मग तिने मला सगळं सांगितलं. त्या काळात अमेरिकेत, युरोपात एखादं गाणं गाजलं, की जपानमधल्या कंपन्या तीच चाल घेऊन आपल्या गायिकेकडून जपानी शब्दांत गाऊन घ्यायच्या. शब्दांचं भाषांतर करायचंच असं काही नव्हतं. मूळ गाणं एका पुरुषाचं, नाचायचं. शनिवार आला, कामधंदा विसर, नाचायला चल, असं. जपानीत ते बाईच्या तोंडी दिलं आणि पार दुसरंच लिहिलं. ती ओळीमागून ओळ सांगत गेली. शेवटची गाडी निघून गेली. फलाटावर मी एकटी. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तरी मी केस धुऊन आले.

यात चोरी आहे असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा राळेगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि पगारातून गुलाबी, पिवळ्या कागदावर पत्रकं छापायचे. मला अक्षरओळख त्यावरच झाली. त्या पत्रकांत गाणी असायची. कधी सावकाराच्या विरोधात, कधी दारूच्या, कधी बुवाच्या. सगळी सिनेमाच्या चालींवर. पण वर स्पष्ट छापलेलं असायचं, चाल अमुक गाण्याची. दुसऱ्याची चाल घ्यावी, आपले शब्द घालावेत, आणि कोणाची घेतली ते वर लिहावं. जपानी कॅसेटवरही मूळ गाण्याचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असणार. आम्हाला ते वाचता आलं नाही, इतकंच.

पण आता वाचता आलं होतं, आणि मोठ्या मायला अजून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघी गावाकडे निघालो. राळेगावला उतरून पुढे ऑटोने गेलो. बाबा अंगणात होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बाबा ऐकत राहिले, मग म्हणाले, "मंग?"

"मंग काय? मोठ्या मायले सांगा लागन."

"काही नाही सांगा लागत."

"तुम्हीच लेहलं होतं ना बाबा, विचारल्याबिगर मानू नका?"

"ते बुवालोकासाठी लेहलं होतं. तुही मोठी माय बुवा हाय का? कोणाचा चहा तरी घेते का ते?"

"खोटं ते खोटंच."

"खोटं कोण बोललं वं? कोणाले मालूमच नव्हतं."

"आता मले मालूम हाय. आता मी चूप बसली तं ते खोटं माह्यं झालं."

बाबांनी मैत्रिणीकडे पाहिलं, जणू तिने मला आवरावं. मग आवाज उतरवून म्हणाले, की सायकलकाकांचं काही खरं नाही. काल दुपारपासून पाणीही उतरत नाही. त्यांनी मोठ्या मायला बोलावणं पाठवलं आहे. उद्या सकाळी ती जाणार आहे.

सायकलकाका म्हणजे बाबांचे जुने सोबती. बाबा पत्रक लिहायचे आणि काका सायकलवर गावोगाव वाटायचे. लहानपणी मी काहीही सांगितलं, की ते सायकलवरून न उतरता विचारायचे, "कशावरून?" पाऊस येईल. कशावरून? तो मुलगा चांगला आहे. कशावरून? ह्या एका शब्दाने मला घडवलं.

"जन्मभर कशावरून म्हणणारा माणूस हाय तो," मी म्हणाले. "त्यालेच फसवाचं का आता?"

"जाऊ दे त्याले सुखानं." बाबा थांबले. पुढचं ते माझ्याकडे न बघता बोलले. "तुही माय त्या दिवशी शांत झाली होती. म्या पाह्यलं. ते तरी राहू दे माह्यापाशी."

मला राग आला. ज्या माणसाने मला खरं बोलायला शिकवलं, तोच आता आपल्या एका दुपारपुरती सूट मागत होता. आणि ती दुपार माझीही होती. म्हणूनच मी ऐकलं नाही.

मोठी माय शेजारीच, तिच्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. ही जपानी शिकते, असं मी मैत्रिणीबद्दल सांगितल्यावर तिचा चेहरा फुलला. "खरं काय वं? मंग बस, बस. म्हणून दाखवू का? सांग मले कोठी चुकते तं."

ती म्हणू लागली. इतक्या वर्षांत त्या शब्दांचे कोपरे झिजून ते वऱ्हाडी झाले होते. मैत्रीण खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अर्ध्याच्या वर कळते, मावशी. सगळं बराबर हाय." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की अजूनही नको सांगू.

मी फोन काढला आणि लावलं.

मोठ्या मायने शेंगा बाजूला ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मधली जागा आली आणि तिने डोकं खाली नेलं. पण आवाज खाली गेलाच नाही, पुढे निघून गेला. ती तशीच वाकलेली राहिली, मग सावकाश वर झाली.

"हे ते नव्हे," ती म्हणाली. "ते खाली जाते."

"रीळ चुरगळली होती आपली."

"कोठी?"

"तिथंच."

"टेपानं ओढली होती एकडाव," ती म्हणाली. "तुह्या मोठ्या बाबानं बोटानं सपाट केली होती." मग म्हणाली, "मंग आपण तिथं कायले वाकत होतो?"

मी मैत्रिणीला म्हटलं, तू सांग अर्थ. तिने सांगितला. शेजारणीचं दुःख ऐकावं तसा मोठ्या मायने तो ऐकला.

"केस धुऊन गेलती म्हणते?"

"हो, मावशी."

"अन् तो आलाच नाही?"

"नाही."

"मुडदा बसवला त्याचा!"

आम्ही तिघी हसलो. मैत्रीण तर डोळे पुसू लागली. मला वाटलं, संपलं, बाबा उगाच घाबरत होते. मोठ्या मायने सूप पुन्हा पुढे ओढलं, एक शेंग उचलली आणि तिचा हात तिथेच राहिला.

"मंग तुह्या मायले म्या काय सांगतलं?"

अशा वेळी काय बोलायचं ते मी लिहू शकते. तुझं मन खरं होतं, तू तिला धीर दिला, शब्द कुठूनही येवोत. ते मी बोलले नाही, कारण ती मला धीर मागत नव्हती. ती विचारत होती. मला एवढंच कळलं, की ती दुपार आता तिच्याही कानात शिरली, आणि ती मी शिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यामागे सायकलकाकांच्या घरी गेले. बाबा आधीच जाऊन बसले होते. काकांचा चेहरा उतरून नाक वर आलं होतं, पण डोळे जागे होते. मोठी माय नेहमीसारखी उशाशी बसली. काकांच्या सुनेने दिवा लावला. सगळे वाट पाहू लागले.

"भाऊजी," मोठी माय म्हणाली, "हे वंदना नाही."

बाबांनी मान फिरवली. काकांचे ओठ हलले. मला ते ऐकू आलं नाही, पण आकारावरून ओळखलं. कशावरून.

"ह्या पोट्टीनं शोधून काढलं. एका बाईचं गाणं हाय. तिची शेवटची गाडी गेली म्हणते, अन् ज्याची वाट पाहे, तो आला नाही."

काकांनी बराच वेळ घेतला. मग श्वासामागे श्वास टाकत म्हणाले, "राळेगावची गाडी... का यवतमाळची?"

सून तोंडाला पदर लावून हसली आणि रडलीही. बाबा हसले नाहीत. मोठी माय म्हणाली, "जपानची हो. म्हणू का मंग, का राहू देऊ?"

"म्हण."

तिने म्हटलं, सगळं म्हटलं. काका दुसऱ्या दिवशी गेले. मी तेव्हा यवतमाळला परतले होते आणि मला फार बरं वाटलं होतं. खरं सांगूनही माणूस सुखाने जाऊ शकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्यावर लेख लिहायलाही घेतला होता.

पण गावात गोष्ट वेगळ्या पायांनी फिरली. आपल्या माणसांच्या उशाशी मोठ्या मायने नाचाचं गाणं म्हटलं, असं लोक बोलू लागले. एका बाईने विहिरीवर तिला तोंडावर विचारलं, "माह्या बापाले तुनं काय आयकवलं वं मंग?" मोठी माय म्हणाली, "तेच, जे तुह्या बापानं मागतलं." पण घरी येऊन जेवली नाही, असं बाबांनी फोनवर सांगितलं. आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मी गावी गेले तेव्हा तीन घरं सोडून राहणारी चक्कीवाली आजी शेवटाला आली होती. ही आजी आणि मोठी माय जन्मभर जोडीने कापूस वेचायला गेलेल्या. दुपारी मी मोठ्या मायच्या ओट्यावर गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. नवं लुगडं नेसली होती.

"जायचं का?" मी विचारलं.

"बलावलं नाही."

आजीच्या घरून मंत्राचा आवाज येत होता. नातवाने फोनवर लावला होता, स्पीकरच्या मोठ्या पेटीला जोडून. पुरुषाचा आवाज, पाली, अगदी शुद्ध. आम्ही ऐकत बसलो. मध्येच मंत्र तुटला आणि कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात सुरू झाली. दोन मिनिटांत पैसे खात्यात, असं एक पोरगी ओरडू लागली. घरातून कोणीतरी धावलं, काहीतरी पडलं, जाहिरात बंद झाली, पण मंत्र काही परत लागेना.

मी उठले. "मी सांगते त्यांना. मी जाऊन समजावते."

मोठ्या मायने माझा हात धरला. तिच्या हातात अजून इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"बस इथं," ती म्हणाली. "तुले खरं पाह्यजे होतं ना? मंग आता आयक."

मी बसले. तिकडे काहीच वाजत नव्हतं. पेटी चालू असल्याची बारीक घरघर तेवढी येत होती. मोठ्या मायचे ओठ मिटलेले होते आणि तिच्या गळ्याशी काहीतरी हलत होतं. तिने माझा हात सोडला नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मला वाटत होतं, की हिने आता म्हणावं, इथूनच, हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं. मला स्वतःला ते हवं होतं. ती म्हणाली नाही.

मग तिकडून रडणं उठलं.

मोठी माय उठली. नवं लुगडं सोडून जुनं नेसली, पदर कमरेला खोचला, घरातून पाण्याचा पितळी गुंड घेतला आणि हापशीकडे निघाली. बाईमाणसाला शेवटची अंघोळ घालायला वस्तीत कोणाला बोलवावं लागत नाही, बाया आपणहून जातात. मी दुसरी बादली घेऊन तिच्या मागे गेले.